वजन करणाऱ्याने मालिश करणारीशी बोलू नये

त्या दोघांचं जमलं.

आता कृपा करून हे वाक्य वाचलंच नाही असं धरून चला. ज्या अभ्यासाच्या निमित्ताने ही गोष्ट घडली, त्याचा पहिलाच नियम होता – निकाल आधी कळता कामा नये. निकाल कळला की माणूस त्या बाजूला झुकतो, आणि झुकलेल्या माणसाने वाचलेलं वजन कुणाच्याच उपयोगाचं नसतं. तेव्हा अजून कुणाचं काहीही जमलेलं नाही. एक मुलगा आहे, एक मुलगी आहे, आणि हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या लांब टेबलावर दोघांच्या मधोमध चहाचं तळं आहे.

तळं झालं ते कोपरांमुळे. तो उजव्या हाताने चहा पीत होता. ती त्याच्या उजव्या बाजूला बसून डाव्या हाताने पीत होती. एवढं मोठं कँटीन, पण दोन कोपरांना नेमकी तीच जागा हवी होती.

"तुम्ही डावखुऱ्या आहात," तो म्हणाला. बाहीतून चहा ठिबकत असताना माणसाला दुसरंही काही सुचू शकलं असतं.

"आणि तुम्ही ओले आहात," ती म्हणाली. "झाली ओळख."

खिडकीबाहेर भुरभुर पाऊस चालला होता. तिने पर्समधून रुमाल काढला आणि त्याची बाही पुसायला घेतली – खांद्यापासून मनगटापर्यंत, सावकाश, एकाच दिशेने, मध्ये हात न उचलता. चहा फक्त मनगटाला लागला होता. हे त्याच्या लक्षात आलं. पण सांगायची घाई आहे असं त्याला वाटलं नाही.

"छान... पुसता तुम्ही."

"सवय आहे. मालिश करते मी. तिसऱ्या मजल्यावर, कमी दिवसांच्या बाळांना."

त्याने कप खाली ठेवला. "मी तिथेच वजन करतो."

दोघंही एकदम उठून उभी राहिली. आसपासच्या लोकांना वाटलं, कुणीतरी मोठं माणूस आलं असावं.

"मी तुम्हाला ओळखत नाही," ती म्हणाली.

"मीही तुम्हाला कधी पाहिलेलं नाही."

"बरं झालं."

"हो." तो निघाला, दोन पावलं गेला, परत आला. "उद्या कितीला नसता तुम्ही इथे?"

"चारला," ती म्हणाली. "चारला मी इथे अजिबात नसते."

ह्या दोघांनी एकमेकांना का ओळखायचं नव्हतं, ते सांगायला हवं. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात दिवस भरायच्या आधीच आलेली बाळं असत – घाईघाईने निघालेली, अंगावर मांस धरायलाही न थांबलेली. वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाईंना एका प्रश्नाने पछाडलं होतं: अशा बाळांना रोज हलक्या पण ठाम हाताने मालिश केली, तर ती जास्त वाढतात का? वाढतात, असं भेटायला येणारी प्रत्येक आजी सांगे. मोठ्या बाईंचा आज्यांवर विश्वास होता, पण पुरावा हवा होता. म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या बाळांना मालिश आणि निम्म्यांना नाही, असं ठरलं. दूध, औषध, आईची ऊब सगळ्यांना सारखी. ती मुलगी प्रत्येकच बाळाच्या काचेच्या पेटीभोवती पडदा ओढून घेई आणि ठरलेल्या वेळाने बाहेर येई. आत काय झालं ते तिला आणि बाळाला ठाऊक. आणि बाळं त्या बाबतीत फार विश्वासू निघाली. वासावरून ओळखू येऊ नये म्हणून सिस्टर सगळ्यांच्याच टाळूला तेल लावत. ती मागच्या दाराने गेली की मग वजन करणारा पुढच्या दाराने येई. त्याला कुठलं बाळ कुठल्या गटातलं हे कधीही कळता कामा नये, म्हणून भिंतीवर कागदच चिकटवला होता – वजन करणाऱ्याने मालिश करणारीशी बोलू नये.

कागदात कँटीनचा उल्लेख नव्हता. मोठ्या बाई स्वतः चहा पीत नसत, ही अभ्यासातली पहिली त्रुटी.

वॉर्डात त्याला वजनदार म्हणत. तो स्वतः इतका सडपातळ होता की वाऱ्याच्या दिवशी त्याची ताई त्याला खिशात काहीतरी ठेवून जायला सांगे. तिला सगळ्या आया मालिशताई म्हणत. वजनदारने हे नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. त्याची कारणं शास्त्रीय नव्हती.

वजनाचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी ह्याच वॉर्डात त्याच्या ताईला मुलगी झाली होती – ताईच्या पर्सपेक्षा हलकी. ताईच्या पर्समध्ये काय असतं हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे, पण तरीही. तीच भाची आता मामा दिसला की धावत येऊन त्याच्या पोटरीला चावायची. दातांचे ठसे बघून तो दर वेळी मनातल्या मनात ह्या वॉर्डाचे आभार मानायचा. चावायला दात आणि धावायला पाय, दोन्ही इथूनच मिळाले होते. परत काय द्यायचं हे त्याला कळेना, तेव्हा त्याने ठरवलं, आपण ह्या वॉर्डाला एकही खोटा ग्रॅम द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी चारला ती कँटीनमध्ये नव्हती, आणि तोही नव्हता, आणि दोघांनी मिळून दोन चहा घेतले. बाळांबद्दल एक शब्दही काढायचा नाही, असं पहिल्याच घोटाला ठरलं.

"कसा गेला दिवस?"

"प्रश्न रद्द."

"बरं. हवा कशी होती?"

"तुमच्या मजल्यावर की माझ्या?"

"आपला मजला एकच आहे."

"तोही प्रश्न रद्द."

काम सोडून बोलायचं म्हटलं की माणूस उघडा पडतो. एरवी महिना लागला असता ते आठवड्यात कळलं. तिचे बाबा निवृत्त झाल्यापासून घरातल्या दिसेल त्या वस्तूला इस्त्री करत. परवा वर्तमानपत्राला केली होती आणि बातम्या आता नीट वाचता येतात असं त्यांचं म्हणणं होतं. त्याला कबुतरांची भीती वाटे. ती हसली की आधी डोळे बारीक व्हायचे आणि आवाज मागाहून यायचा, विजेसारखा. तो त्या मधल्या वेळेची वाट बघायला लागला...

एक दिवस ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

"थंडी वाजतेय?"

"नाही. हातांना शिक्षा."

"काय केलं त्यांनी?"

"काही नाही," ती म्हणाली. "तेच तर."

त्याला कळलं नाही, आणि विचारायची परवानगी नव्हती. त्याने आपला गरम कप तिच्याकडे सरकवला. "धरा. नुसता धरायचाय. चहा माझा आहे."

तिने कप धरला आणि चहा पिऊन टाकला.

अभ्यास जवळपास संपत आला होता. शेवटचं बाळ नुकतंच दाखल झालं होतं – कपाळाला कायमच्या आठ्या आणि केस ताठ उभे, जणू आत्ताच कुणीतरी नको ती फाइल पुढ्यात ठेवली असावी. वॉर्डाने त्याचं नाव साहेब ठेवलं. साहेब हातभर नव्हते, पण वजनाच्या ताटात ठेवलं की सगळ्यांकडे असे बघत की सिस्टरसुद्धा नकळत पदर सारखा करत.

आणि मग मांजराने सगळा घोळ केला.

कँटीनमध्ये एक मांजर होतं. त्या दुपारी ते बाकावर झोपलं होतं आणि ती बोलता बोलता त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती – कपाळापासून मानेपर्यंत, डाव्या हाताने, आणि शेवटी बोटांना एक छोटंसं वळण. पुन्हा. पुन्हा. मग ती कोपरापर्यंत हात घासून धुवायला गेली, आणि मांजर जागं होऊन त्याच्याकडे बघायला लागलं. मांजराच्या डोक्यावरचे केस सगळे एका बाजूला वळले होते.

ही केशरचना वजनदारने कुठेतरी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने ठरवून वजनाच्या खोलीच्या छताकडे बघत काम सुरू केलं. पण छताकडे बघून बाळाचं वजन होत नाही. सिस्टरने पहिलं बाळ ताटात ठेवलं: केस एका बाजूला. दुसरं: एका बाजूला. तिसरं: विस्कटलेले, कुठल्याच बाजूला नाहीत. पुढचं पुन्हा मांजरासारखं. सगळा वॉर्ड जो पडदा जपत होता, तो त्याच्यापुरता गळून पडला होता.

ताटातलं बाळ पाय झाडत होतं आणि समोरचा आकडा एका ग्रॅमने खालीवर लुकलुकत होता. अशा वेळी थांबायचं असतं. वजनदारने वरचा आकडा सांगून टाकला. पुढे साहेब आले, ताठ केसांचे. त्यांचाही आकडा लुकलुकला, आणि त्याने खालचा सांगितला.

मग तो स्वतःच दचकला.

"सिस्टर, दोघांना परत ठेवा."

"का हो? काय झालं?"

"काटा हलला."

"काटा डिजिटल आहे."

"मग मी हललो," वजनदार म्हणाला.

तो तडक मोठ्या बाईंच्या केबिनपर्यंत गेला आणि दाराबाहेर उभा राहिला. आत जाऊन सांगितलं, तर इतक्या महिन्यांची वजनं संशयात येणार. कदाचित सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिची मेहनत पाण्यात. चारचा चहा तर गेल्यातच जमा. न सांगितलं, तर कुणालाही काही कळणार नव्हतं. मांजर बोलणार नव्हतं. त्याला भाचीचे दात आठवले. त्याने दार वाजवलं.

"बाई, मला कळतं."

"काय कळतं?"

"कुठल्या बाळाला मालिश झालीय ते."

"कशावरून? तेल सगळ्यांना सारखं आहे."

"केसांवरून. एका बाजूला वळलेले असतात. डाव्या हाताने फिरवल्यासारखे."

"ती डावखुरी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोपराने."

"आणि केस असे वळतात हे?"

"मांजराने."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी बसा तुम्ही."

त्याने बसून सगळं सांगितलं. चहा, चार वाजता नसणं, रद्द केलेले प्रश्न, वरचा आकडा, खालचा आकडा. "आज मला तिच्या बाळांचं वजन जास्त भरावंसं वाटलं, बाई."

"अभ्यास यशस्वी व्हावा म्हणून?"

"नाही." तो टेबलाकडे बघत राहिला. "ती खूश व्हावी म्हणून."

मोठ्या बाईंनी पेन परत उचललं.

"हे तिला सांगितलंय?"

"नाही. बोलायची परवानगी नाही ना."

मोठ्या बाईंनी मार्ग काढला. सिस्टर रोज संध्याकाळी दुधाचं माप ठरवायला बाळांचं वेगळं वजन घेत. ते आकडे त्याच्या आकड्यांशी ताडून बघता येतील. जुळले तर फक्त आजचा दिवस बाद. नाही जुळले तर... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "आणि उद्यापासून तुम्ही वजनाच्या खोलीत यायचं नाही."

आकडे जुळले. आदल्या दिवसापर्यंतचा एकूण एक. बाळांना वजनाआधी सारख्या टोप्या घालायचं ठरलं आणि वजनदारची बदली झाली ती लाँड्रीत, कारण अख्ख्या हॉस्पिटलमध्ये वजनकाटा असलेली दुसरी जागा तीच होती. तिथे मळक्या चादरींची गाठोडी मोजायची होती. चादरी पाय झाडत नाहीत, बोट धरत नाहीत, आणि सगळ्यांचे केस सारखेच असतात.

तिसऱ्या दिवशी ती लाँड्रीच्या दारात उभी होती. डोळे बारीक झालेले; पण ही मागाहून हसू येणारी वीज नव्हती.

"मला न सांगता गेलात."

"सांगितलं असतं तर तुम्ही हात बदलला असता. मग तेही मला कळलं असतं."

"मोठ्या बाईंनी बोलावून विचारलं, तुम्ही मांजराला मालिश करता का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी मांजर मागवलं."

"मागवलं?"

"आलं. टेबलावर बसलं. भांग एका बाजूला." ती एका गाठोड्यावर बसली. "बाकीचंही सांगितलं त्यांनी."

"बाकीचं म्हणजे..."

"मी खूश व्हावी वगैरे. अगदी गंभीर चेहऱ्याने. अभ्यासावर परिणाम करणारी बाब म्हणून."

वजनदारने आधीच मोजलेलं एक गाठोडं उचलून पुन्हा मोजलं.

तिने ते गाठोडं त्याच्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही आता बाळांचं वजन करत नाही."

"नाही."

"म्हणजे मी आता तुमच्याशी त्यांच्याबद्दल बोलले तर..."

"चालेल," तो म्हणाला. हे त्यालाही तेव्हाच सुचलं. "आता काहीही चालेल."

आणि ती बोलायला लागली. इतके आठवडे इस्त्री आणि कबुतरांवर काढल्यानंतर ती अशी बोलली की मशीन थांबलं तरी तिला कळलं नाही. कुठलं बाळ पाठीवर हात ठेवला की सुस्कारा टाकतं, कुणाचे पाय सायकल चालवतात, कुणाला डाव्या तळव्याला गुदगुल्या होतात. हात किती हलका ठेवायचा, आणि फारच हलका ठेवला तर बाळ कसं वैतागतं. मग ती हळू झाली.

"आणि ज्यांना करायची नसते... तिथेही पडदा ओढून तेवढाच वेळ उभं राहायचं. हात पाठीमागे बांधून. साहेब आठ्या घालून बघत राहतो माझ्याकडे. कामावर येऊन काम करत नाही म्हणून."

तो हसला, आणि मग त्याला मांडीखाली दाबलेले हात आठवले, आणि त्याचं हसू जागीच राहिलं.

"तुम्ही तो वरचा आकडा तसाच ठेवला असता ना," ती म्हणाली, "तर माझं ते सगळं उभं राहणं फुकट गेलं असतं. मी चिडायला आले होते. चिडूनही झालं. आता... थँक्यू."

काही आठवडे गेले. दर दिवशी चारला ती लाँड्रीत येई. आता ती तिथे असायची, उघडपणे. एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरून एक गाठोडं आलं. मग दुसरं. मग आणखी. वजनदारने एक सोडून बघितलं. पडदे होते. वॉर्डातले सगळे पडदे, एकदम.

पडदे काढले म्हणजे लपवायचं काही राहिलं नाही. त्याने गाठोडी न मोजताच टाकली आणि तीन जिने धावत चढला.

वॉर्ड इतका उघडा आणि उजेडाने भरलेला त्याने कधी पाहिला नव्हता. मोठ्या बाई मधोमध उभ्या होत्या. त्याला बघून त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "तेवढ्याच दुधावर मालिशवाली बाळं जास्त वाढली. घरीही लवकर गेली. आज्यांचं बरोबर होतं. आता सगळ्यांना मालिश. आयांनाही शिकवायची."

खिडकीपाशी साहेब होते. अभ्यासातली बाकीची बाळं घरी गेली, ते अजून रेंगाळत होते. वजन चढत होतं, पण सावकाश, सही करायला वेळ घेणाऱ्या माणसासारखं. त्यांची आई हात धुऊन उभी होती.

"मला भीती वाटते हो, मालिशताई. केवढासा आहे."

"माझा हात तुमच्या हातावर ठेवते. घाबरू नका. अगदी फुंकर घातल्यासारखं नको, दाबायचंही नाही. बघा, असं... कपाळापासून मागे."

चार हात एकदम फिरले. एकदा, दोनदा. साहेबांनी आधी संशयाने पाहिलं. मग भुवया खाली आल्या. कपाळावरच्या आठ्या एकेक करून मोकळ्या झाल्या, आणि त्यांच्याखालून एक साधं, छोटं, झोपाळू बाळ निघालं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळे नव्हते, तेव्हा सिस्टरने पुसलं. मोठ्या बाई खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघायला लागल्या. बाहेर फक्त पाऊस होता.

ती हात पुसत दारापाशी आली. "तुमचं इथे काय काम?"

"आभार मानायचेत."

"कुणाचे?"

"बऱ्याच जणांचे. कुठून सुरुवात करू कळत नाही."

"माझ्यापासून कर," ती म्हणाली.

तो बघत राहिला. "काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते."

"मला तू आवडतेस," वजनदार म्हणाला. "मोठ्या बाईंना आधी सांगितलंय. पण मूळ प्रत तुझी."

तिचे डोळे बारीक झाले. आवाज मागाहून आला. "चहा मनगटालाच लागला होता, हे मला दिसत होतं," ती म्हणाली. "तरी मी खांद्यापासून पुसलं."

ह्यापुढचं विवाह नोंदणी कार्यालयाच्या टपालात आहे. अधिकाऱ्यांनी त्यावर अजून काही कळवलेलं नाही, आणि कळवतील असंही वाटत नाही. अर्ज असा:

"महोदय, साक्षीदार सज्ञान असावा लागतो, हा नियम आम्हा दोघांना मान्य आहे. परंतु आमच्या प्रकरणात पडद्याच्या आत आणि वजनाच्या ताटात अशा दोन्ही ठिकाणी जातीने हजर राहिलेला इसम एकच आहे. तो सध्या स्वतःच्या घरी असून त्याची प्रकृती उत्तम आहे, गाल वर आले आहेत, आणि त्याच्या आईची हरकत नाही. त्याच्यासमोर एकीने हात आवरले आणि दुसऱ्याने आकडा दुरुस्त केला. आमच्याबद्दल त्याच्याइतकं खरं कुणालाच माहीत नाही, आणि आम्ही त्याचे कायमचे ऋणी आहोत. त्याला लिहिता येत नाही. मात्र बोट पुढे केल्यास तो ते घट्ट धरतो आणि लवकर सोडत नाही. तरी हे धरणे सहीच्या जागी ग्राह्य मानून साहेबांना आमच्या विवाहाचे प्रथम साक्षीदार म्हणून मान्यता देण्यात यावी, ही नम्र विनंती."